लोवेलच्या गिरणीतल्या पोरी

१८३६ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावात गिरणीच्या बायकांनी काम बंद करायचं ठरवलं होतं. कंपनीच्या बोर्डिंगमध्ये राहण्याजेवण्याचा खर्च वाढवला गेला होता आणि त्याचा भार त्यांच्या पगारावर पडणार होता. वरच्या मजल्यांवरच्या पोरी आधी निघाल्या. खालच्या एका खात्यातल्या मात्र घुटमळत उभ्या राहिल्या. तू येतेस का? आपण जायचं का? सगळ्या एकमेकींना विचारत होत्या आणि पाऊल कुणीच उचलत नव्हतं. त्या खात्यात बॉबिन बदलायचं काम करणारी अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन होती. तिला ही कुजबुज सहन होईना. तुम्ही काय करायचं ते करा, कुणी येवो न येवो, मी चालले, असं म्हणून ती चालायला लागली. वळून बघते तर मागे पोरींची लांबच लांब रांग.

आयुष्यात पुढे जे काही मिळवलं त्या कशाचाच मला त्या दिवसाइतका अभिमान वाटला नाही, असं तिने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

हॅरिएटची आई विधवा होती आणि कंपनीचंच एक बोर्डिंग चालवायची. संपानंतर तिची ती जागा गेली. साहेबाने कारण दिलं ते असं: मोठ्या पोरींना तुम्ही अडवू शकला नसता हे कबूल, पण तुमची मुलगी लहान आहे, तिला तरी आवरायचं होतं.

मी बॉस्टनच्या उत्तरेला राहते. लोवेल माझ्या घरापासून तासाभराच्याही आत आहे. माझे आजोबा मुंबईत परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यामुळे गिरणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी पुरुष येतात, पाळी सुटल्यावर फाटकातून लोंढ्याने बाहेर पडणारे. बायका असायच्या त्या वायंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात, आणि त्यांचं नाव नंतर निघायचं. म्हणून लोवेलचा इतिहास वाचताना मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो या गोष्टीचा, की अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या गिरण्या बायकांच्या हातांवर उभ्या राहिल्या. लोवेलच्या कामगारांत चारातल्या तीन बायका होत्या. बहुतेक पंधरा ते तिशीच्या आतल्या, आणि बहुतेक सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी.

त्या काळाबद्दल लिहिताना लोक यंत्रांची, कालव्यांची, आगगाड्यांची जंत्री देतात. या पोरींना त्या गिरणीत काय मिळालं, आणि जे मिळालं त्याची किंमत आणखी कुणी कुणी मोजली, हे मला विचारायचं आहे. हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावे लागतात असं माझं ठाम मत आहे.

गाव ज्याच्या नावाने वसलं तो फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी. त्याचा सुरुवातीचा धंदा काय होता? चीनमधून रेशीम आणि चहा आणायचा, आणि हिंदुस्थानातून हातमागाचं सुती कापड. १८१० साली तो इंग्लंडला गेला आणि दोन वर्षं राहिला. लँकेशायरच्या गिरण्यांमधले यंत्रमाग त्याने बारकाईने पाहिले. इंग्लंडने यंत्रं आणि त्यांचे आराखडे देशाबाहेर न्यायला बंदी घातली होती, म्हणून त्याने सगळं डोक्यात साठवून आणलं. परत आल्यावर पॉल मूडी नावाचा हुशार कारागीर हाताशी धरून त्याने यंत्रमाग बनवून घेतला. १८१३ साली कंपनी काढली आणि वर्षभरात चार्ल्स नदीच्या काठी वॉल्थमला गिरणी उभी केली. कापसाची गासडी एका बाजूने आत जाणार आणि तयार कापडाचं ठाण दुसऱ्या बाजूने बाहेर येणार, सगळं एकाच छपराखाली. त्याआधी ऱ्होड आयलंडमध्ये सॅम्युएल स्लेटरच्या गिरण्या होत्याच, पण तिथे सूत निघायचं, विणकाम घरोघरी दिलं जायचं, आणि कामाला सात ते बारा वर्षांची पोरं असायची.

आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट इथे आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १८१६ साली अमेरिकेने परदेशी कापडावर जकात बसवली. त्या कायद्यात एक मेख होती आणि ती बसवून घेण्यासाठी लोवेल स्वतः वॉशिंग्टनला जाऊन खटपट करत होता. कापडाची किंमत वारभर कितीही कमी असो, जकातीपुरती ती किमान २५ सेंट धरायची. त्यावर २५ टक्के, म्हणजे वारामागे सव्वासहा सेंट. इंग्लंडच्या तलम, महाग कापडाला याने फारसा फरक पडला नाही. हिंदुस्थानातून येणारं जाडंभरडं कापड मात्र इतकं स्वस्त होतं की जकातीने त्याचा भाव दुपटीच्या आसपास गेला. त्या कापडाला अमेरिकेचा बाजार बंद झाला आणि तसंच जाड कापड वॉल्थमची गिरणी काढू लागली. ज्या मालाच्या व्यापारावर या माणसाने पैसा केला, त्याच मालाची वाट त्याने बुजवली. मँचेस्टरने आपल्या विणकरांचं काय केलं हे आपण शाळेत शिकतो. त्या हिशेबात बॉस्टनचाही एक वाटा आहे.

लोवेल १८१७ साली बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या भागीदारांना मोठी नदी हवी होती. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी तीसेक फूट खाली उतरते. ती जागा त्यांनी घेतली. १८२२च्या एप्रिलमध्ये ह्यू कमिस्की नावाचा आयरिश मुकादम तीसेक मजूर घेऊन बॉस्टनजवळून तिथे पोचला. कालवे त्यांनी खणले आणि त्यांच्या वस्तीला मात्र गावाच्या कडेची पडीक जमीन आली. १८२६ साली गाव कागदोपत्री झालं तेव्हा वस्ती होती सुमारे अडीच हजार. १८५०ला ती तेहतीस हजारांवर गेली होती.

आता पोरींकडे येते.

न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉंटच्या डोंगराळ भागातली शेती खडकाळ. घरात सूत कातणं आणि कापड विणणं हे लेकींचं काम होतं, पण गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि ते काम संपलं. भावाला कॉलेजात घालायचं असायचं, शेत गहाण पडलेलं असायचं. कंपनीचे लोक गावोगाव फिरून पोरी गोळा करायचे. आई-बापांची खात्री पटावी म्हणून सगळी व्यवस्था होती: कंपनीचं बोर्डिंग, त्यावर देखरेख करणारी पोक्त विधवा बाई, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. एका खोलीत सहा जणी, एका पलंगावर दोघी.

पगार आठवड्याला सव्वातीन डॉलरच्या घरात, त्यातून जेवणाखाणाचे सव्वा डॉलर कापून घ्यायचे. उरलेले दोन डॉलर तिचे. आज हे वाचून काही वाटत नाही. पण त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची असे. हॅरिएटने लिहिलं आहे की नवऱ्याचं घर सोडून आलेल्या काही बायका लोवेलमध्ये खोट्या नावाने काम करायच्या, कारण पत्ता लागला तर नवरा येऊन त्यांच्या पगारावर हक्क सांगू शकत होता. अशा जगात स्वतःच्या नावाचं बँकेचं पुस्तक हातात असणं म्हणजे काय असेल! १८३४च्या फेब्रुवारीत पगार कापायची घोषणा झाली तेव्हा सुमारे आठशे बायका बाहेर पडल्या. त्यांतल्या अनेकींनी काय केलं, तर बँकेत जाऊन आपले साठवलेले पैसे काढून घेतले. एक जण पंपावर चढून भाषण करत होती, गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. तो संप काही दिवसांत मोडला. १८३६चा जास्त टिकला आणि काही कंपन्यांना माघार घ्यावी लागली.

काम मात्र हाडं मोडणारं होतं. उन्हाळ्यात पहाटे पाचला खात्यात हजर, संध्याकाळी सातला सुट्टी. मध्ये न्याहारीला आणि जेवणाला अर्धा-पाऊण तास, त्यात धावत बोर्डिंगला जायचं, गिळायचं आणि घंटा व्हायच्या आत परत यायचं. आठवड्याचे त्र्याहत्तर तास. धागा कोरडा पडून तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या आणि हवेत वाफ सोडायची. त्याच हवेत कापसाची तूस आणि दिव्यांचा धूर. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसातून कितीतरी वेळा, एकीच्या तोंडातला धोटा दुसरीच्या तोंडात. दरवेळी तूस छातीत जाणारच.

लोवेलमधल्या ‘बूट कॉटन मिल्स’ नावाच्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. तिथलं विणकाम खातं चालू ठेवलं आहे, माग विसाव्या शतकातले आहेत. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. मी क्षणभर काढून पाहिले. आवाज कानात शिरायच्या आधी तळपायातून वर येतो, फरशी सतत थरथरत असते. शेजारच्या माणसाचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द पोचत नाही. त्या खोलीत तिथले मोजकेच माग चालू होते. आजोबा घरातसुद्धा मोठ्याने का बोलायचे, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून का बघायचे, हे मला तिथे उभी असताना कळलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अशा आवाजात लूसी लार्कम कविता पाठ करत असे. तीही अकराव्या वर्षी गिरणीत लागलेली, तिचीही आई विधवा आणि बोर्डिंग चालवणारी. खात्यात पुस्तक आणायला मनाई होती. मग ती वर्तमानपत्रांतल्या कवितांची कात्रणं काढून आपल्या जागेजवळच्या खिडकीच्या चौकटीला चिकटवायची आणि काम करता करता वाचायची. या पोरींची वाचायची भूक अचंबित करणारी होती. दिवसभर उभं राहून आलेल्या पोरी रात्री व्याख्यानं ऐकायला जात. फिरत्या वाचनालयाची वर्गणी भरत. १८४० साली त्यांनी लिहिलेल्या मजकुराचं मासिक निघालं आणि ते पाच वर्षं चाललं. १८४२ साली चार्ल्स डिकन्स लोवेलला येऊन गेला आणि त्याने तीन गोष्टी खास नोंदवल्या: बऱ्याच बोर्डिंगमध्ये पियानो आहे, जवळजवळ सगळ्या पोरी वाचनालयाच्या सभासद आहेत, आणि त्यांचं स्वतःचं नियतकालिक आहे. इंग्लंडच्या गिरण्या पाहिलेल्या माणसाला हे नवल वाटणं साहजिक होतं.

कंपन्यांनाही या मासिकाचा अभिमान होता, आणि नेमकी तिथेच सारा बॅगली आडवी आली. तीही गिरणीतलीच, आधी त्याच मासिकात लिहिलेली. कंपनीविरुद्ध लिहिलेले माझे लेख तुम्ही छापत नाही, असं तिने १८४५ साली भर सभेत सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षअखेरीला तिने आणि तिच्या सोबतिणींनी बायकांची कामगार संघटना काढली होती. मागणी एकच, दिवस दहा तासांचा करा. हजारो सह्यांचे अर्ज विधिमंडळाकडे गेले. मग लोवेलचाच आमदार विल्यम शाउलर याच्या अध्यक्षतेखाली समितीने सुनावणी ठेवली आणि गिरणीतल्या बायका बॉस्टनला जाऊन साक्षी देऊन आल्या. एकीने आपल्या खात्यातले दिवे मोजून सांगितले: २९३ लहान, ६१ मोठे. दीडशे माणसं काम करतात त्या बंद खोलीत हे सगळे सकाळ-संध्याकाळ जळतात. दिवे मोजून आलेली ती बाई मला फार मोठी वाटते. हवा खराब आहे असं कुणीही म्हणेल. तिने आकडा नेला.

समितीने त्रास होतो हे मान्य केलं आणि यात विधिमंडळाने पडायचं कारण नाही असा निकाल दिला. बायकांना मत नव्हतं. तरी त्यांनी पुढच्या निवडणुकीत शाउलरविरुद्ध प्रचार केला, तो हरला, आणि संघटनेने मतदारांच्या आभाराचा ठराव केला. दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्सने बायकांसाठी केला तो १८७४ साली.

इथवरची गोष्ट मला मनापासून आवडते. पण गिरणीत येणारा कापूस कुठून येत होता हे विचारल्यावाचून ती पुढे सरकू शकत नाही.

तो येत होता दक्षिणेकडून, गुलामांच्या हातांनी वेचलेला. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. त्यामुळे, हाताने जिथे दिवसाला पौंडभर रुई साफ व्हायची तिथे एक माणूस पन्नास पौंड करू लागला. कापसाला जेवढी जमीन मिळेल तेवढी कमी पडू लागली आणि तेवढेच माणसांचे हातही. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० साली जवळजवळ ४० लाख. या सत्तर वर्षांत दहाएक लाख माणसं जुन्या राज्यांतून नैर्ऋत्येच्या कापूस-मुलखात हलवली गेली. त्यांतली किती तरी विकून, आईपासून पोर आणि नवऱ्यापासून बायको तोडून. न्यू इंग्लंडमध्ये जितके माग वाढले तितकी ही ओढ वाढली.

आणि कापूस एकाच दिशेने जात नव्हता. गुलामांना अंगावर घालायला देतात ते स्वस्त, खरबरीत कापड विणायचा उत्तरेत एक मोठा धंदाच होता. लोवेलच्या काही गिरण्याही ते काढत. ज्या बाईने मिसिसिपीच्या उन्हात कापूस वेचला, त्याच कापसाचं भरड कापड हजारो किलोमीटर जाऊन-येऊन तिच्या अंगावर पडत असे. पुढे सुटका झालेल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी लहानपणच्या कपड्यांबद्दल सांगताना त्या कापडाला ‘लोवेल’ असंच म्हटलं आहे.

संपावर गेलेल्या पोरी गाणं म्हणायच्या, आम्ही गुलाम होणार नाही. आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी आहोत असं त्यांच्या पत्रकात होतं. हे वाचताना माझा जीव कातावतो. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, त्यांचा संताप तर मला माझा वाटतो. पण गुलाम हा शब्द त्यांच्या ओठांवर होता तेव्हा गुलामाने वेचलेला धागा त्यांच्या बोटांत होता. हे त्यांतल्या काहींना दिसलंही. लोवेलमध्ये बायकांची गुलामगिरीविरोधी संस्था होती आणि गिरणीतल्या पोरींनी बंदीच्या अर्जांवर सह्या केल्या. लूसी लार्कमने पुढे एका कवितेत मागावर बसलेल्या बाईलाच हे बोलायला लावलं: मी विणते ते आईला आधार म्हणून, पोटासाठी, पण विणताना दक्षिणेच्या शेतांतल्या त्या काळ्या बाया माझा पिच्छा सोडत नाहीत. स्वतः त्या मागांच्या गोंगाटात वाढलेल्या बाईने हे लिहावं याला माझ्या लेखी मोल आहे. गिरणीच्या मालकांपैकी बहुतेकांना मात्र दक्षिणेशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मागांचे धनी आणि चाबकाचे धनी यांची ही अभद्र युती आहे, असं गुलामगिरीविरोधी नेता चार्ल्स सम्नर १८४८ साली मॅसॅच्युसेट्समध्येच उघड बोलला.

तोवर गिरणी बदलली होती. एका बाईकडे दोन माग असायचे ते तीन झाले, चार झाले. मागांची गती वाढली, त्या प्रमाणात मजुरी वाढली नाही. शेतकऱ्यांच्या लेकी परत जाऊ लागल्या. त्यांना परत जायला घर होतं. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला आणि तिथून उपाशी माणसांचे लोंढे आले. त्यांच्या बायकांना परतीची वाट नव्हती. त्या राहिल्या.

१८६१ साली यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेचा कापूस थांबला. लोवेलच्या मोठ्या कंपन्यांनी हिशेब केला की साठवलेला कापूस विणण्यापेक्षा चढ्या भावाने विकलेला बरा. त्यांनी गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगारांना घरी बसवलं.

आणि तोच थांबलेला कापूस मुंबईवर सोन्याच्या पावसासारखा कोसळला. लिव्हरपूलला कापूस हवा होता, तो वऱ्हाड-खानदेशातून, गुजरातेतून गेला. ज्वारीच्या शेतांत कापूस आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंदांचं नाव घराघरात पोचलं, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आभाळाला भिडले. १८६५ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, बँकांसकट. तरी मुंबई आता कापसाचं शहर झाली होती. तिथली पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी शेटने त्याआधीच, १८५४ साली काढलेली. पुढच्या दोन दशकांत त्यांची रांग लागली. माझे पणजोबा रत्नागिरीकडून आले ते त्या रांगेतल्याच एका गिरणीत. त्यांच्या गाठोड्यात बटाट्याचा दुष्काळ नव्हता, पण घरी वाट्याला येणारी भातशेती पोटापुरती नव्हती.

१८८४च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि पाच हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला भरपाई. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार मिळायला आणखी सहा वर्षं लागली, १० जून १८९० उजाडावा लागला.

सारा बॅगलीच्या सोबतिणींचं एक गाऱ्हाणं असं होतं की जेवणाला मिळणारा अर्धा तास फार अपुरा पडतो. चाळीस वर्षांनी परळला तेवढाच अर्धा तास मागावा लागत होता.